शववाहिकेचं बटण

“कार्ड दाखवा,” मी म्हणाले.

पांढऱ्या गाडीच्या ड्रायव्हरनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या आजोबांचा जन्मदाखला मागितला होता. एप्रिलची भर दुपार होती. टोलनाक्याच्या दोन नंबरच्या खिडकीत मी बसले होते, तोंडाला ओढणी गुंडाळून, फक्त डोळे उघडे ठेवून. आम्ही सगळ्याच मुली तशा बसायचो. ट्रकांचा धूर आणि डांबराची झळ नाकातोंडात गेली की रात्री जेवण जात नसे.

“ताई, नवीन हायसा का? गाडी भास्करदादांची हाय. उघडा.”

“मग दादांचं कार्ड दाखवा. नाहीतर टोल भरा.”

मागे ट्रकांनी हॉर्न लावले. शेजारच्या एक नंबरच्या खिडकीतून तेजल मला हातानं खुणा करत होती, दाब, दाब, बटण दाब. मी दाबलं नाही.

ते बटण काय होतं, ते आधी सांगते. कुठल्याही गाडीसाठी दांडा वर करायचा तर आमच्या कॉम्प्युटरला कारण द्यावं लागे. पावती फाडली, हे एक कारण. नाहीतर सूट. सुटीची बटणं ठरलेली होती. पोलीस, लष्कर, अग्निशमन, रुग्णवाहिका, शववाहिका. आता रोज ज्या दहा गाड्या नुसत्या दादागिरीवर जायच्या, त्यांच्यासाठी सरकारनं बटण दिलेलं नव्हतं. ती तोड आमच्या नाक्याच्या मॅनेजरनं, कुलथेसाहेबांनी काढली होती. पहिल्याच दिवशी त्यांनी मला शिकवलं होतं, “शिवकन्या, गाववाला असो, पुढारी असो, तलवार घेऊन येणारा असो, वाद घालायचा नाही. शववाहिका दाबायचं.”

“रुग्णवाहिका का नाही साहेब?”

“रुग्णवाहिकेची वरून चौकशी होते. कोण पेशंट, कुठला दवाखाना. मढ्याची कोण चौकशी करतंय?”

त्यामुळे आमच्या नाक्यावरून रोज इतकी मढी जात की परक्या माणसाला वाटावं, जिल्ह्यात पटकी आलीय. मुली हसायच्या. भास्करदादांची गाडी लांबून दिसली की तेजल म्हणायची, “आली बाई आपली मयत!” भास्करदादा ढोणे आमच्या भागाचे जिल्हा परिषद सदस्य. सुटीच्या यादीत जिल्हा परिषद कुठंच नव्हती, पण यादी वाचतो कोण?

मला मात्र ते बटण दाबवत नसे. हसा खुशाल. पण चांगला जिता, चालता-बोलता माणूस समोर गाडीत बसलेला असताना त्याला तिरडीवर घालायचं माझ्या जिवावर यायचं. माझी आई तर “मेल्या” अशी शिवीसुद्धा संध्याकाळी देऊ द्यायची नाही. म्हणून मी इतरांना आर्जवं करून पावती घ्यायला लावायची, आणि कुणी अडलंच तर तेजलला हाक मारायची. ती येऊन बटण दाबायची. त्या दिवशी तेजलच्या रांगेत बस अडकली होती. मला वाटलं, कार्ड असेल तर पोलिसांच्या नाहीतर कसल्या तरी खात्यात बसवता येईल.

गाडीचं डावीकडचं दार उघडलं. भास्करदादा उतरले, गाडीला वळसा घालून आले. पांढरेशुभ्र कपडे, हातात फोन. कानाला लावलेला फोन त्यांनी डाव्या हातात घेतला, पलीकडच्याला म्हणाले, “थांबा जरा, एक मिनिट,” आणि उजवा हात खिडकीतून आत घालून माझ्या कानाखाली मारली.

मग फोन पुन्हा कानाला लावला. “हां, बोला.”

मी खुर्चीतून पडले नाही. बरं झालं असतं पडले असते तर. तशीच बसून राहिले. कुलथेसाहेब पळत आले, माझ्या अंगावरून हात घालून त्यांनी बटण दाबलं, दांडा वर गेला, गाडी गेली. जाताना दादा आपल्या ड्रायव्हरला बोलत होते, “गाडी थांबवलीसच कशी तू? आँ?”

आम्हा मुलींना नाक्यावर घेताना कंपनीचा माणूस गावात येऊन म्हणाला होता, बाईमाणसावर कुणी हात टाकत नाही, म्हणून खिडकीत बायकाच बऱ्या. आमच्या उंबरगव्हाणच्या चावडीवर सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. त्यात माझे वडील, आमचे अण्णा, पुढे होते.

नाक्यावर कॅमेरे होते आणि ते बंद बिंद काही नव्हते. उत्तम चालत होते. त्या संध्याकाळी कुलथेसाहेबांच्या केबिनमध्ये माझी थप्पड सगळ्यांनी पाहिली. चहा पीत पाहिली. मागे घेऊन, पुढे नेऊन पाहिली. कंपनीचा एक साहेब फोनवर म्हणाला, “क्लिअर आहे हो फुटेज,” जणू लग्नाच्या कॅसेटबद्दल बोलत होता. कुणी तरी म्हणालं, हात मात्र बेकार बसलाय. मी तिथंच, दाराजवळ उभी होते. कुणालाही वाटलं नाही की पडदा झाकावा.

“साहेब, मी पोलिसात जाणार,” मी म्हणाले.

कुलथेसाहेब वाईट माणूस नव्हते. दोन्हीकडून मार खाणारा मृदंग म्हणतात तसे ते होते. खुर्ची ओढून मला बसवलं. “जा. तुझा हक्क आहे. पण पुढं काय? तारखा. आणि नाका गावच्या हद्दीत. उद्या ह्यांनी शंभर पोरं आणून काचा फोडल्या तर?”

“मग त्यांनी माफी मागावी.”

“मागतील की. मी बोलतो. फोनवर—”

“फोनवर नाही. माझ्या खिडकीशी यायचं. जिथं हात घातला तिथं येऊन म्हणायचं, चुकलं. मला दुसरं काही नको.”

खरंच नको होतं. पैसा नको, बदली नको, पेपरात नाव नको. एक अक्षर जास्त नको आणि कमी नको. आज इतक्या वर्षांनी मला वाटतं, मी काही फार महाग वस्तू मागितली नव्हती. पण बाजारात तेवढी एकच वस्तू नसावी, अशी सगळ्यांची धावपळ उडाली.

घरी आले तर बातमी माझ्या आधी पोचलेली. माझा धाकटा भाऊ वैजनाथ, आमचा वैजू, अंगणात पिंजऱ्यातल्या वाघासारखा फिरत होता. विशीतला पोरगा, नुकतंच ड्रायव्हिंगचं लायसन काढलेलं, कुणाच्या वरातीच्या जीपवर एक दिवस नाहीतर कुणाच्या ट्रॅक्टरवर दोन दिवस. त्यानं माझी हनुवटी धरून चेहरा दिव्याकडे वळवला. गालावर बोटं उठली होती.

“त्याचा हात मोडून त्याच्याच गळ्यात घालतो का न्हाई बघ!”

“खाली बस,” अण्णा म्हणाले.

“अण्णा, ताईला मारलंय त्यानं!”

“मला दिसतंय. आंधळा न्हाई मी. खाली बस.”

आईनं मीठ गरम करून फडक्यात बांधलं आणि माझा गाल शेकला. ती रडत होती आणि अधूनमधून मलाच म्हणत होती, “तुला कार्ड मागायचं काय नडलं होतं गं?” रात्री वैजू माझ्या खाटेशी येऊन बसला. “ताई, तू मागं हटू नको. तो खिडकीशी येऊस्तोवर मी त्याला चैन पडू देत न्हाई.” मला त्या रडू न आलेल्या दिवसातलं पहिलं रडू तेव्हा आलं. भाऊ असावा तर असा, असं वाटलं.

पुढचा आठवडाभर निरोप येत-जात होते. दादांचा माणूस नाक्यावर येऊन गेला. कंपनीचा साहेब येऊन गेला. अण्णांना कुणी तरी दोनदा तालुक्याला घेऊन गेलं. मी विचारलं की अण्णा म्हणायचे, “तुझंच काम चाललंय. तुझ्या मनासारखं होतंय.” मी आपली रोज दोन नंबरच्या खिडकीत बसत होते. दादांची गाडी त्या आठवड्यात आडवाटेनं जात होती. त्यांच्या ड्रायव्हरला त्यांनी दुसऱ्याच दिवशी काढून टाकलं होतं, गाडी थांबवली म्हणून. तेजलनं सांगितलं तेव्हा मला त्या ड्रायव्हरची कीव आली. म्हणजे मार मी खाल्ला आणि पोट त्याचं मारलं गेलं.

वैजू गप्प झाला होता. मला वाटलं, अण्णांनी दम दिला असेल. एके दिवशी त्यानं केस कापून आणले, अगदी बारीक. अण्णांनी त्याला पांढरा शर्ट आणि पांढरी पँट शिवायला टाकली. “कशाला?” मी विचारलं. आई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, “लग्नसराई हाय. वरातीच्या गाडीवर बरं दिसतं.” मी म्हटलं, बरं दिसतं खरं.

मग कुलथेसाहेबांनी मला बोलावून ठरलेलं सांगितलं. भास्करदादा नाक्याशेजारी पाणपोई घालणार होते. उन्हाळ्याचे दिवस, ट्रकवाल्यांची सोय. कंपनीतर्फे उद्घाटनाला दादांचा सत्कार, शाल आणि नारळ. आणि त्याच वेळी दादा माझ्याशी बोलणार.

“सत्कार?” मी म्हणाले. “साहेब, मारलं कुणी आणि शाल कुणाला?”

“अगं, मोठा माणूस वाकायचा तर त्याच्या पाठीवर काही तरी पांघरावं लागतं. तू शालीकडे बघू नको. तुझं चुकलं तुला मिळतंय ना?”

“खिडकीशी?”

“खिडकीशी. कार्यक्रम झाला की तुझ्याच लेनमधून गाडी काढायची असं ठरलंय. फक्त सुरुवातीला तू ओवाळायचंस. तेवढंच.”

ते ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली. “ज्या हातानं मारलं त्याला कुंकू लावू? मी न्हाई ओवाळणार साहेब. नोकरी गेली तरी. मी माझ्या खिडकीत बसणार. त्यांनी तिथं यावं.”

साहेबांनी डोक्याला हात लावला, पण ऐकलं. तेजलला ओवाळायला सांगितलं. तेजल मला म्हणाली, “शिवे, रागावू नको गं. मला न्हाई म्हणता येत न्हाई.” तिच्या घरी तिच्या एकटीचा पगार येत होता. मी कशाला रागावू?

कार्यक्रमाच्या दिवशी मी ओढणी धुऊन, वाळवून घातली. आतल्या आत हसूही येत होतं. म्हटलं, काय तयारी करतेस, तुला बघायला येतायत का? तरी केस नीट बांधले. आई दारात उभी राहून बघत होती. तिनं काही तरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. “काय गं?” म्हटलं, तर “जा, उशीर होईल” एवढंच म्हणाली. वैजू पहाटेच कुठं तरी गेला होता.

नाक्याच्या कडेला लाल-पांढरा मांडव, त्यात रांजण, रांजणांना फुलांच्या माळा. खुर्च्या. पहिल्या रांगेत आमचे अण्णा, डोक्याला धुतलेला पटका. मला पहिल्या रांगेचं आश्चर्य वाटलं, पण मुलीचा बाप म्हणून मान दिला असेल, असं समजले. मी दोन नंबरमध्ये बसले. माझ्या खिडकीतून मांडव नीट दिसत होता, आणि लाऊडस्पीकर तर असा लावला होता की पुढच्या गावात मयत असती तर तीही उठून बसली असती.

दादा आले. तेजलनं ओवाळलं. तोंडाला ओढणी नव्हती तिच्या, नवी साडी नेसली होती. कुलथेसाहेबांनी शाल घातली, नारळ दिला. टाळ्या झाल्या. कंपनीच्या साहेबानं भाषण केलं, नाका आणि गाव म्हणजे दुधात साखर. मग दादांनी माइक हातात घेतला. पाण्याचं महत्त्व सांगितलं. मग आवाज खाली आणला.

“आणि आज एक मनातलं बोलतो. त्या दिवशी गडबडीत आमच्याकडून या आमच्या धाकट्या बहिणीला थोडं काही जास्त झालं.” त्यांनी हात लांब केला आणि आरतीचं ताट धरून उभ्या असलेल्या तेजलच्या डोक्यावर ठेवला. “तिनं ते मनात ठेवलं नाही. उलट आज आम्हाला ओवाळलं. ही आपली संस्कृती आहे! ताई, भावाचं चुकलं. विसरून जा.”

तेजलनं माझ्या खिडकीकडे एकदाच पाहिलं आणि नजर खाली घातली. माझ्या मनात आलं, बोल गं. नाहीतर कुलथेसाहेब बोलतील. त्यांना तर माहीत आहे. कुलथेसाहेब शालीच्या कागदाची घडी घालत होते. मग मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा म्हणतील, दादा, माझी पोरगी ती नव्हं. मांडवातला कुणीही म्हणू शकला असता. नाक्यावरच्या सगळ्यांनी ती थप्पड मागे-पुढे नेऊन पाहिली होती.

टाळ्या वाजल्या. अण्णांनीही वाजवल्या.

कसं ओळखणार होते दादा तरी? मारताना त्यांनी माझा चेहरा पाहिलाच नव्हता. एक ओढणी आणि दोन डोळे. हात टाकायला तेवढं पुरलं.

मी स्वतःला समजावलं. अजून खिडकी आहे. गाडी इथूनच जाणार आहे. साहेबांनी कानात सांगितलं असेल, ती नव्हे, ही. ते थांबतील, काच खाली करतील. लोकांपुढं जमलं नसेल, एकट्यात म्हणतील. मी तोंडावरची ओढणी सोडली आणि मांडीवर ठेवली. त्या खिडकीत मी उघड्या तोंडानं पहिल्यांदाच बसले होते. गालावर झळ लागत होती.

मांडवाशी गाडीची दारं लागल्याचा आवाज आला. पांढरी गाडी वळून माझ्या लेनमध्ये आली. दांडा खाली होता. मी तो खालीच ठेवला. आपली बाजू खरी असली की छातीत कसं लख्ख वाटतं, तसं मला तेवढा वेळ वाटलं. या दांड्यापाशी तुम्हाला थांबावं लागतंय दादा, आज मी कार्ड मागत नाही, तीन अक्षरी एक शब्द मागतेय.

गाडी खिडकीला लागून थांबली. ड्रायव्हरच्या बाजूची काळी काच हळूहळू खाली आली. आधी बारीक कापलेले केस दिसले. मग पांढरी कॉलर, नवी, कडक इस्त्रीची.

स्टिअरिंगवर वैजू होता.

त्यानं मला पाहिलं. उघड्या तोंडाची पाहिली. त्याचे ओठ हलले, पण आवाज आला तो पलीकडून. डाव्या बाजूला दादा बसले होते, मांडीवर शाल आणि नारळ, मान खाली घालून फोनमध्ये काही तरी बघत. मघाचंच बोलणं पुढं चाललं होतं.

“मग, काय रे, तुझ्या बहिणीला सगळ्यांपुढं चुकलं म्हणलो की. मोठ्या मनाची पोरगी हाय, गुणाची हाय. झालं ना समाधान तिचं?”

वैजू माझ्याकडे बघत होता. माझ्या आणि त्याच्या मध्ये हातभर अंतर होतं. त्याच हातभर अंतरातून तो हात आत आला होता.

“झालं, दादा,” वैजू म्हणाला.

“आणि तुझ्या बापाला म्हणावं, ढोण्यांचा शब्द म्हणजे शब्द. पोराला लावतो म्हणलो, लावला.” त्यांनी मान वर केली. दांडा बघितला, मग माझ्याकडे बघितलं. कधीही न पाहिलेल्या माणसाकडे बघतात तसं. “ही कोण? उघडत कामून न्हाई? नवीन हाय का?”

“कुणी न्हाई दादा,” वैजू म्हणाला. “नाक्यावरची पोरगी हाय.” आणि मग माझ्याकडे वळून, डोळ्यांत पाणी आणून, अगदी हळू, जशी लहानपणी मार खाल्ल्यावर हाक मारायचा तशी, “उघडा की, ताई.”

आपलेच दात आणि आपलेच ओठ. कुणाला ओरडणार होते मी? मांडवात अण्णा पटका सारखा करत लोकांचे नमस्कार घेत होते. आईनं सकाळी दारात जे गिळलं ते मला आता ऐकू आलं. लग्नसराई, पांढरे कपडे, तुझ्या मनासारखं होतंय. माझ्या गालाची किंमत सगळ्यांनी मिळून ठरवली होती आणि ती पोचतीही झाली होती. वैजूचा राग खोटा नव्हता, हे मी अजूनही मानते. त्याला मला न्याय मिळवून द्यायचा होता. पण मग नोकरी मिळाली.

मागे एका ट्रकनं हॉर्न दिला. कॉम्प्युटर कारण मागत होता. तो कुणालाच सोडत नाही, कारण द्यावंच लागतं.

जे बटण मी नाक्यावर आल्यापासून कधी दाबलं नव्हतं, त्याच्यावर बोट ठेवलं आणि दाबलं.

माझ्या पडद्यावर अक्षरं आली, शववाहिका. बाहेरच्या पाटीवर, वैजूच्या समोर, हिरवं उमटलं, शुभ यात्रा. दांडा वर गेला. वैजूनं सवयीनं, घरातून निघताना घ्यायचा तसा माझ्याकडे पाहून मान हलवून निरोप घेतला, आणि गाडी नेली.

मी ओढणी पुन्हा तोंडाला बांधली आणि पुढच्या गाडीला म्हणाले, “कार्ड दाखवा.”